झूल घालण्याआधी बैल धुवा

(संस्थेच्या रौप्य महोत्सवानिमित्त झालेल्या घरगुती व्याख्यानमालेतील भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – स्मरणिका समिती)



काल याच जागेवरून डॉक्टर साहेब मधुमेहावर बोलले. परवा गुरुजी मुलांच्या वाचनावर बोलले. त्यांच्या मानानं माझा विषय अगदीच रस्त्यावरचा आहे. "कापडी कव्हर आणि गाडीची स्वच्छता." सचिव साहेबांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "साहेब, यावर अर्धा तास काय बोलायचं?" ते म्हणाले, "काका, मागच्या दोन सर्वसाधारण सभांत याच विषयावर आपण दीड-दीड तास भांडलो. तुम्ही अर्धा तास बोला, म्हणजे यंदाची सभा तरी लवकर उरकेल." तर ती सभा लवकर उरकावी म्हणून मी उभा आहे.

माझी नोकरीची सगळी वर्षं वर्कशॉपमध्ये, गाड्यांच्या रंगकामात गेली. मी इंजिनिअर नाही. पण रंग का उडतो, का मरतो, ओरखडा कशानं पडतो, हे हातानं पाहिलेलं आहे. तेवढ्याच भरवशावर बोलतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा या लेआउटमध्ये अंतर्गत रस्ते मुरमाचे होते, कडुनिंबाची रोपं काटेरी कुंपणात होती आणि दारोदारी सायकल, लूना, फार तर बजाजची स्कूटर. कोणाकडे मारुती ८०० आली तर पेढे वाटले जायचे. आज दाराशी चारचाकी नाही असं घर शोधावं लागतं. पण घरं बांधताना पोर्च कोणी ठेवला नव्हता. म्हणून गाड्या उघड्यावर, आणि उघड्यावर म्हणून कव्हर. कव्हर घातलं की आपल्याला वाटतं, झालं, गाडी सुरक्षित. इथेच खरी गोम आहे.

आपल्या गावची धूळ

आधी आपली धूळ ओळखून घेऊ. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ पाहून आपण गाडी सांभाळतो, पण धूळ तिथली वेगळी, आपली वेगळी.

एक तर आपली काळी माती. ही चिकणमाती. ओली असली की चिकटते, वाळली की तिचं पीठ होतं. दुसरी मुरमाची आणि गिट्टीची भुकटी. ड्राय पोर्टचं काम आणि रस्त्यांची कामं, यामुळे टिप्पर आणि ट्रक किती वाढले ते तुम्ही रोज पाहताच. एक टिप्पर गेला की दहा मिनिटं समोरचं घर दिसत नाही. या भुकटीत गारेचे कण असतात. गार म्हणजे क्वार्ट्झ. पदार्थ किती टणक आहे हे मोजायची एक ते दहा अशी एक पट्टी आहे, मोहस् स्केल म्हणतात तिला. त्यात हिरा दहावर आणि गार सातवर. खिडकीची साधी काच साडेपाचाच्या आसपास. म्हणजे जो कण काचेवर रेघ मारू शकतो, तो आपल्या गाडीच्या रंगाला काय सोडणार?

तिसरी हंगामाची धूळ. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी सुरू झाली की थ्रेशरमधून उडालेलं कुटार गावभर फिरतं. मार्चपासून कडुनिंबाचा मोहोर झडतो, जूनमध्ये निंबोळ्या पडतात. आंब्याखाली गाडी उभी केली तर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे चिकट थेंब पडतात आणि त्यावर धूळ बसली की चिक्कीसारखा थर होतो. आणि या सगळ्यांवर मे महिन्याचं ४५-४६ अंशांचं ऊन. ही झाली आपल्या गाडीची परिस्थिती.

रंगाची जाडी किती?

आता रंगाकडे या. आजच्या गाडीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्या आवडीचा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लाखेसारखा थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चमक त्या क्लिअर कोटची असते. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, तेवढ्यात गाडीचा सगळा शृंगार आला. आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम अर्ध्या-पाऊण कागदाचा.

हा आकडा मुद्दाम सांगितला. कारण ओरखडे पडले की आपण पॉलिश करून आणतो. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे. आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या पातळीला आणणं म्हणजे पॉलिश. दोनदा झालं, तीनदा झालं, मग घासायला शिल्लकच काही राहत नाही. तेव्हा ओरखडा पडूच नये, हा खरा इलाज.

कव्हर म्हणजे चाळणी

आपण कापसाच्या जिल्ह्यातली माणसं. चरखा, खादी, सेवाग्राम, मगनवाडी हे आपल्याला नवं नाही. कापड म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नाही. उभे धागे, आडवे धागे आणि त्यांच्यामध्ये बारीक बारीक फटी. कितीही घट्ट विणलं तरी फट राहतेच. म्हणजे कापड ही एक चाळणी आहे. आमच्या वहिनी बसल्या आहेत समोर, त्यांना विचारा, चाळणीत काय होतं? कोंडा वर राहतो आणि पीठ खाली पडतं. गाडीच्या कव्हरचंही तसंच. काडी, पान, निंबोळी वर राहते. बारीक धूळ कापडातून आणि खालच्या मोकळ्या काठातून आत जाते, आणि जाऊन बसते रंगावर.

मग संध्याकाळी वारा सुटतो. कव्हर फडफडतं. वर कापड, मध्ये धूळ, खाली रंग. याला सुताराच्या भाषेत काय म्हणतात? सँडपेपर! रात्रभर आपण आपल्याच गाडीला सँडपेपर मारतो आणि सकाळी म्हणतो, गाडी झाकलेली होती हो.

म्हणून मी नेहमी पोळ्याचं उदाहरण देतो. आपल्या सिंदीचा तान्हा पोळा पाहायला बाहेरगावाहून माणसं येतात, तेव्हा पोळा काही तुम्हाला सांगायला नको. पोळ्याच्या दिवशी शेतकरी काय करतो? सकाळी बैल नदीवर, नाल्यावर नेतो. घासून धुतो. अंग वाळू देतो. शिंगं रंगवतो, बेगड लावतो. आणि मग, सगळ्यात शेवटी, पाठीवर झूल टाकतो. चिखलानं भरलेल्या बैलावर झूल टाकणारा शेतकरी तुम्ही पाहिला आहे का? नाही बाप्पा. पण बुटीबोरीहून, नागपूरहून धुळीनं माखून आलेल्या गाडीवर लगेच कव्हर ओढणारे आपण सगळे आहोत. कव्हर ही झूल आहे. ती धुतलेल्या अंगावरच घालायची.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच. गाडी धुळीची आहे आणि आज धुवायला वेळ नाही, तर त्या रात्री कव्हर घालू नका. उघडी राहू द्या. उघड्या गाडीवर नुसती बसलेली धूळ ओरखडा पाडत नाही. ती घासली गेली की ओरखडा पाडते.

पुसणं आणि धुणं

सकाळी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक दृश्य असतं. कोरडं फडकं घेऊन गाडी झटकणं. काही जण फडक्यावर थोडं रॉकेल किंवा डिझेल टाकतात. गाडी तासभर चकचकीत दिसते, नंतर त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते आणि काचांच्या रबरी पट्ट्या फुगतात ते वेगळंच. कोरडं फडकं तर धुळीवर फिरवूच नये. आधी पाणी, मग फडकं.

धुण्याची पद्धत सांगतो. सोपी आहे.

सावली पाहा. सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या पत्र्यावर पाणी टाकलं की ते जागीच वाळतं. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, त्यात क्षार आहेत. पाणी उडून जातं आणि क्षाराचे पांढरे गोल डाग मागे राहतात. तुमच्या बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर येतो, तोच हा.

दोन बादल्या घ्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फडकं साबणाच्या पाण्यातून काढायचं, गाडीचा एक भाग पुसायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पिळायचं आणि मगच पुन्हा साबणात. म्हणजे काढलेली माती परत गाडीवर जात नाही. एकाच बादलीत काम केलं तर तिसऱ्या दरवाजापर्यंत आपण चिखलानंच गाडी पुसत असतो.

वरून खाली या. टप, काचा, बोनेट, दरवाजे आणि शेवटी खालची पट्टी. चाकांचं फडकं पूर्ण वेगळं ठेवा. ब्रेकची भुकटी लोखंडाची असते, ती रंगावर नको. फडकं मायक्रोफायबरचं असेल तर उत्तम. त्याचे धागे कण आपल्या आत ओढून धरतात. नसेल तर जुनं, मऊ झालेलं सुती लुगडं किंवा धोतर चालेल, पण त्याला शिवण, हुक, बटण नको. कपडे धुण्याची पावडर वापरू नका. ती तेलकट डाग काढायला बनवलेली असते, रंगावरचं मेणाचं पातळ संरक्षणही काढून नेते. गाडीचा शाम्पू मिळतो. एक छोटी बाटली बरेच महिने पुरते.

आणि शेवटची, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पूर्ण कोरडी करा. ओल्या गाडीवर कव्हर घातलं की बाफ आत कोंडते. दरवाजाच्या कडा, डिकीची फट, आरशांची सांध, इथलं पाणी पुसा. अर्धा तास उघडी ठेवा. मग झूल.

पाण्याचा हिशेब

आता भांडणाचा विषय. पाइप लावून गाडी धुवावी की नाही. मी कोणाच्या बाजूनं बोलत नाही, फक्त हिशेब मांडतो. घरी जाऊन तुमच्या नळाखाली १५ लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ पाहा. साधारण एका मिनिटात भरली, असं धरू. गाडी धुवायला पाइप पंधरा मिनिटं चालू राहतो. म्हणजे १५ गुणिले १५, २२५ लिटर. दोन बादल्यांच्या पद्धतीनं, पाणी एकदा बदललं तरी ६० लिटर. म्हणजे एका पाइपच्या धुण्यात बादलीनं जवळजवळ चार गाड्या निघतात. एप्रिल-मे मध्ये आपला बोअर किती वेळ चालतो आणि टाकी कधी रिकामी होते, हे प्रत्येकाला माहीत आहे. वरच्या गल्लीतल्या घरांना त्या दिवशी सकाळी पाणी मिळत नाही, हेही माहीत आहे. निष्कर्ष तुम्हीच काढा.

घालायचं कसं, काढायचं कसं

कव्हर काढताना आपण काय करतो? एक टोक धरतो आणि ओढतो. वरची सगळी धूळ बोनेटवरून घसरत खाली येते. मग ते कव्हर अंगणात जमिनीवर टाकतो. संध्याकाळी तेच उचलून उलटसुलट कसंही घालतो. म्हणजे जमिनीची माती आता आतल्या बाजूनं रंगाला लागते.

बरोबर पद्धत अशी. दोन माणसं असली तर बरं. घरात नवरा-बायकोनं केलं तर दोन मिनिटं बोलणंही होतं. आधी दोन्ही बाजूंचे काठ उचलून टपाच्या मध्यापर्यंत दुमडायचे. असं केलं की धुळीची वरची बाजू आपल्याच आत बंद होते आणि मऊ आतली बाजू वर येते. गाडीवर आता एक लांब पट्टा उरला. तो मागून पुढे सतरंजीसारखा गुंडाळायचा. ही गुंडाळी थेट पिशवीत. जमिनीला लावायची नाही. घालताना गुंडाळी बोनेटच्या टोकाला ठेवायची, टपावरून मागे उलगडत न्यायची आणि मग दोन्ही काठ खाली सोडायचे. ओढायचं कुठेच नाही.

कव्हरला मधला पट्टा असतो, तो गाडीखालून घेऊन बांधा. मापाचं कव्हर घ्या. आरशांचे खिसे असलेलं घ्या. सैल कव्हर हवेत फडफडतं आणि आपण ते थांबवायला काठाला विटा बांधतो. मागच्या वावटळीत ती वीट हेलकावे खात दरवाजावर किती वेळा आदळली असेल, याचा विचार करा.

कव्हरही धुवावं लागतं. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी तरी. आधी दोघांनी धरून चादरीसारखं झटका, मग साध्या साबणात, गार पाण्यात. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. वाळत घालताना आतली बाजू धुळीच्या रस्त्याकडे नको.

कोणतं कापड?

दुकानात गेलं की दुकानदार चार प्रकार दाखवतो. थोडक्यात सांगतो. जाड सुती कापड मऊ असतं, छपराखाली चांगलं. पण उघड्यावर पावसात ते पाणी पितं आणि ओलं कापड दिवसभर गाडीला चिकटून राहतं. चंदेरी पॉलिस्टर, ज्याला सिल्व्हर मॅटी म्हणतात, ते ऊन आणि पाणी बऱ्यापैकी अडवतं, पण त्याची चंदेरी परत आपल्या उन्हात पापडासारखी सुटते. सुटू लागली की बदला. न विणलेलं, कागदासारखं स्वस्त कव्हर मिळतं, ते हलकं असतं, हवा जाऊ देतं, पण उन्हात त्याचा भुगा होतो. आणि प्लास्टिकची ताडपत्री कधीच नको. तिच्यातून हवा जात नाही. आपल्यासारख्यांना आतून मऊ अस्तर असलेलं पॉलिस्टरचं कव्हर बरं पडतं. ऑनलाइन मागवणार असाल तर पत्त्यात "रेल्वे" लिहायला विसरू नका. नाहीतर कव्हर वर्ध्याजवळ सिंदी मेघेत फिरून मग आपल्याकडे येतं.

ऋतू बदलला की कव्हर बदला

उन्हाळ्यात पक्ष्यांच्या विष्ठेचा फार त्रास. त्यात युरिक ॲसिड असतं. दुपारी रंग तापून किंचित मऊ होतो, विष्ठा त्यात बसते, रात्री रंग आकसतो आणि कायमचा ठसा राहतो. नखानं खरवडू नका. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झाली की अलगद उचला. याच एका गोष्टीसाठी झाडाखालच्या गाडीला कव्हर सोन्याच्या मोलाचं आहे.

पावसाळ्यात उलटं. संततधार लागली की कव्हर दिवसेंदिवस ओलं राहतं. आत सीटवर बुरशी येते, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. पाऊस उघडला की दोन-चार तास कव्हर काढा, दरवाजे उघडा, पायाखालची मॅटिंग उन्हात टाका. आणि पावसाळ्यात कव्हर उचलताना आधी काठीनं खालचा काठ उचलून पाहा. गाडीखाली, कव्हरच्या घडीत साप बसलेला आपल्या गावात कोणाला नवल वाटणार नाही. घूस आणि उंदीर तर वायर खायला टपलेलेच असतात. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा बोनेट उघडून पाहा.

दिवाळीत फटाक्याची एक ठिणगी पॉलिस्टरच्या कव्हरवर पडली तर ते जळण्याआधी वितळतं आणि रंगाला चिकटतं. त्या रात्री गाडी फटाक्यांपासून लांब लावा. आणि नुकत्याच आलेल्या गरम गाडीवर कव्हर घालू नका. सायलेन्सरला लागून कव्हरला भोक पडतं.

इथे आपल्या काही ज्येष्ठ मंडळींसाठी एक गोष्ट. मुलं पुण्याला, बंगलोरला, कोणाची अमेरिकेत. गाडी मुलानं घेऊन दिलेली, चालवणारे आता चालवत नाहीत. ती कव्हरखाली सहा-सहा महिने उभी असते. आपल्याला वाटतं, झाकून ठेवली म्हणजे जपली. गाडीला उभं राहणं सोसत नाही. बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, हँडब्रेक चिकटतो. पंधरा दिवसांतून एकदा शेजारच्या कोणा तरुणाला सांगा, "बेटा, हिला वर्ध्यापर्यंत फिरवून आण." तुम्हीही सोबत बसा. गाडीलाही बरं, तुम्हालाही बरं.

कव्हरखालचा धोका

आता जे सांगतो ते स्वच्छतेचं नाही, पण कव्हरचंच आहे. आणि हे मागे बसलेल्या मुलांनीही ऐकायचं आहे.

जून २०२३ मध्ये नागपुरात तीन लहान मुलं खेळता खेळता एका उभ्या गाडीत शिरली. दार बंद झालं. त्यांना उघडता आलं नाही आणि ती आतच दगावली. घरचे त्यांना शोधत होते आणि गाडी घरापासून जवळच होती. नागपूर म्हणजे आपल्या पुढची गाडी, दूरचं काही नाही.

उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच झपाट्यानं वाढतं. बाहेर ४५ असेल तर आत ६० च्या वर जातं. लहान मुलाचं शरीर मोठ्यापेक्षा लवकर तापतं. आता त्या गाडीवर कव्हर असेल तर? आत कोण आहे हे जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत नाही. आपली मुलं लपंडाव खेळतात आणि कव्हर घातलेली गाडी म्हणजे लपायला पहिली जागा. म्हणून कव्हर घालण्याआधी दोन गोष्टी: आतमध्ये डोकावून पाहायचं आणि चारही दारं व डिकी कुलूपबंद करायची. घरासमोर आहे, कोण नेतो, म्हणून उघडी ठेवायची नाही. चोरासाठी नाही, लेकरांसाठी कुलूप लावायचं. आणि बालमित्रांनो, कव्हरखाली लपणारा त्या डावात कायमचा बाद. हा नियम आजपासून.

गाडी पुसणाऱ्या पोराबद्दल

शेवटचा मुद्दा. तो सभेत निघाला होता, म्हणून टाळत नाही.

आपल्याकडे सकाळी गाड्या पुसायला एक मुलगा येत होता. दोन घरांनी तक्रार केली, याच्यामुळे आमच्या गाडीवर ओरखडे पडले. त्याचे पैसे कापले गेले, नंतर त्याला येऊ नको सांगितलं. मी कोणाचं नाव घेत नाही, आणि कोणाच्या मनात वाईट होतं असंही म्हणत नाही. पण त्या दोन्ही गाड्या मी मालकांना विचारून उजेडात पाहिल्या, आणि जे दिसलं ते सांगणं माझं काम आहे.

हातानं पुसल्याचे ओरखडे गोल गोल असतात. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात आणि जिथे हात सहज पोचतो तिथे, दरवाजाच्या मधोमध, बोनेटवर जास्त असतात. कव्हरचे ओरखडे वेगळे. ते उंचवट्यांवर आणि कडांवर असतात: आरशाचं टोक, बोनेटची धार, टपाचे कोपरे, मागच्या बंपरचा कोपरा. कारण फडफडणारं कव्हर तिथे टेकतं. आणि ते एकाच दिशेनं जातात, वाऱ्याच्या दिशेनं. या दोन्ही गाड्यांवर सगळ्यात जास्त ओरखडे टपाच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यावर होते. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा वारा तिकडूनच येतो. आणि तो मुलगा किती उंच आहे ते तुम्ही पाहिलेलं आहे. त्याचा हात त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही.

थोडे गोल ओरखडेही होते, ते मी नाकारत नाही. पण त्या पोराला आपण दिलं काय होतं? एक बादली, एक फडकं, आणि "पाणी जास्त सांडू नको" अशी तंबी. एका बादलीत त्यानं गल्लीतल्या सगळ्या गाड्या पुसायच्या. पहिल्या गाडीची गिट्टी दहाव्या गाडीला लागणारच. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "काका, दुसरी बादली मागतली होती मी. म्हणे, काहून पाह्यजे?" याच्यावर मला काही बोलता आलं नाही.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. दोन बादल्या, डझनभर मायक्रोफायबरची फडकी आणि शाम्पूची एक बाटली संस्थेच्या खर्चातून घ्यावी. हा खर्च एका गाडीच्या एका पॉलिशपेक्षा कमी आहे. पाइपनं गाडी धुणं मार्च ते जून बंद, हा ठराव यंदा मांडावा. आणि त्या मुलाला परत बोलवावं, कापलेले पैसे द्यावेत, आणि ते देताना समितीच्या एका सदस्यानं त्याच्या घरी जाऊन द्यावेत. पैसे थोडे आहेत. पण त्याच्यावर जो ठपका आला तो सगळ्या लेआउटसमोर आला होता, तर तो जायलाही सगळ्यांसमोरच हवा.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेवर असेन. ज्यांना कव्हर घालायची-काढायची पद्धत हातानं शिकायची आहे, त्यांनी आपापली कव्हरं घेऊन या. एकटे येऊ नका, कव्हरच्या दुसऱ्या टोकाला धरायला कोणाला तरी सोबत आणा. चहाची व्यवस्था महिला मंडळानं आपणहून घेतली आहे, त्यांचे आधीच आभार.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. अध्यक्ष महोदयांनी घड्याळ एकदाच पाहिलं.